टीआर४चा ओव्हरड्राइव्ह आणि मिळेनासा झालेला रिले

गाडी थंड असताना काहीच तक्रार नसायची. तासभर पळून गिअरबॉक्सवरचं कव्हर पायाला गरम लागायला लागलं, की चौथ्या गिअरमध्ये लागलेला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडयंत्रणा, आपोआप सुटायचा. ताशी ६० मैलांना मिनिटाला साधारण २,४५० फेऱ्यांवर असलेला इंजिनाचा काटा एकदम ३,००० वर चढायचा. स्टीअरिंग कॉलमवरची छोटी दांडी खालीवर केली की कधी तो परत लागायचा, कधी अजिबात नाही. माझी गाडी १९६४ची ट्रायम्फ टीआर४. बनली इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या कॅन्ली कारखान्यात आणि आज माझ्याकडे असते तीही कॉव्हेन्ट्रीतच. वॉरविकशरमधल्या फॉस वे या सरळसोट जुन्या रोमन रस्त्यावर तिला न्यायचं, तर ओव्हरड्राइव्ह हवाच. त्याशिवाय ती पळते, पण इंजिन सतत ओरडत राहतं आणि शेजारी बसलेल्याशी नीट बोलता येत नाही.

या गाडीचा आणि आपला संबंध अगदीच नाही असं नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने आपल्याकडे जी ट्रायम्फ हेरल्ड ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने आणली, तिचा आणि टीआर४चा आखणीकार एकच, इटलीचा जोव्हानी मिकेलोत्ती. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे पांढरी हेरल्ड होती. तिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट उघडायचं, ते बघायला आम्ही पोरं दवाखान्याबाहेर उभी राहायचो. ट्रायम्फवर जीव जडला तो तिथे.

आता ओव्हरड्राइव्हविषयी, कारण तो कळल्याशिवाय रिलेचं महत्त्व कळत नाही. शेफील्डच्या लेकॉक कंपनीने एडगर द नॉर्मनव्हिल या इंजिनिअरच्या कल्पनेवरून ही यंत्रणा बनवली आणि १९४८ साली ती पहिल्यांदा स्टँडर्ड व्हॅनगार्डला लागली. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला हा एक वेगळा डबा. त्यात मधोमध सन गिअर, भोवती प्लॅनेट गिअर आणि बाहेर मोठी रिंग. एक शंकूच्या आकाराचा क्लच स्प्रिंगच्या जोरावर रिंगला चिकटलेला असतो, तोवर सगळं एकत्र फिरतं आणि गिअर जसाच्या तसा राहतो. तेलाच्या दाबाने हाच क्लच उलट्या बाजूला सरकून स्थिर ब्रेक रिंगवर बसला, की सन गिअर थांबतं आणि बाहेर जाणारा शाफ्ट सुमारे २२ टक्के जास्त वेगाने फिरायला लागतो. पायाने क्लच दाबायचीसुद्धा गरज नाही. नीट चालणाऱ्या ओव्हरड्राइव्हसारखं सुबक काम त्या काळातल्या फार थोड्या यंत्रणा करत असतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तेलाची वाट उघडणारा व्हॉल्व्ह उचलतो एक सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की आतला दांडा खेचणारं विजेचं चुंबक. टीआर४मधल्या ए-टाइप ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पहिली जाड तारेची. ती दांडा वर खेचते आणि त्या क्षणापुरती १५ ते २० अँपिअर करंट घेते. दांडा पूर्ण वर पोचला की सोलेनॉइडच्या आतलाच एक संपर्क उघडतो, जाड गुंडाळी बंद होते आणि बारीक तारेची दुसरी गुंडाळी अवघ्या एखाद्या अँपिअरवर दांडा धरून ठेवते. सगळी मेख इथेच आहे. दांडा पूर्ण वर गेलाच नाही, केसभर जरी खाली राहिला, तर जाड गुंडाळी बंद होत नाही. ती तशीच तापत राहते आणि थोड्याच वेळात जळते. सोलेनॉइड महाग असतो आणि बदलायचा म्हणजे सीट, कार्पेट, गिअरबॉक्सवरचं कव्हर, सगळं आतून काढावं लागतं.

कॉलमवरच्या दांडीतून आणि गिअरबॉक्सवरच्या स्विचांमधून एवढा करंट जाऊ देता येत नाही, म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. गिअरबॉक्सवरचे स्विच फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्येच रिलेला परवानगी देतात. ते उगाच नाहीत. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्सला घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा रोलर क्लच मोडतो.

माझ्या गाडीत लुकासचा ६आरए जातीचा रिले होता. लुकास हे नाव आपल्याकडे लुकास-टीव्हीएसमुळे घराघरात माहीत आहे. हा रिले म्हणजे ॲल्युमिनिअमची छोटी डबी, तळाला बेकलाइटची बैठक आणि त्यातून बाहेर आलेली चार पाती. डब्ल्यू१ आणि डब्ल्यू२ ही कॉइलची, सी१ आणि सी२ ही पॉइंटची, म्हणजे मोठा करंट जोडणाऱ्या संपर्कांची. असे रिले आता कुणी बनवत नाही. जे मिळतात ते एकतर जुन्या साठ्यातले, नाहीतर बाहेरून तसेच दिसणारे नवे.

दोष शोधताना मी आधी तेल पाहिलं. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच असतं आणि पातळी कमी झाली तर दाब बनत नाही. तेल बरोबर होतं. मग इंजिन बंद, चावी चालू, गिअर तिसऱ्यात, आणि दांडी दाबली. बॉनेटखालून रिलेची टिक ऐकू आली आणि लगेच गिअरबॉक्सच्या कव्हरखालून सोलेनॉइडचा ठक् असा आवाज. करंट दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा डिस्चार्जच्या बाजूला झेपावला आणि परत जागेवर आला. थंड गाडीत सगळं व्यवस्थित. तापलेल्या गाडीत हीच चाचणी केली तेव्हा फरक दिसला. टिक झाली, ठक् अर्धवट झाला आणि काटा परत यायला रेंगाळला. मी लगेच दांडी वर केली. काटा रेंगाळतोय याचा अर्थ जाड गुंडाळी चालूच आहे. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी हा काटा ओळखायला शिकावंच. सोलेनॉइड जळण्याआधी मिळणारी सूचना ती एवढीच.

गिअरबॉक्सवरचे स्विच तात्पुरते बाजूला काढून तार सरळ जोडून पाहिली. दोष तसाच, म्हणजे स्विच निर्दोष. (हे फक्त उभ्या गाडीत. तार तशी ठेवून गाडी चालवायची नाही, रिव्हर्सचं कारण वर आलंच आहे.) मग मल्टिमीटर सी१ आणि सी२वर लावला. सोलेनॉइड खेचतो तो क्षण इतका छोटा असतो की साध्या वाचनात तो निसटतो, म्हणून मीटर मिन-मॅक्सवर, म्हणजे सर्वांत कमी-जास्त वाचन धरून ठेवण्यावर, ठेवला. मधल्या मधे दोन व्होल्टच्या वर गायब होत होते. बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या वायरिंगमध्ये आणखी थोडं जातं, आणि तापलेल्या गुंडाळीचा रोधही वाढलेला असतो. दांडा वर जाणार कसा?

पुण्यात दादाचं पॅनल दुरुस्तीचं काम आहे. चिंचवडच्या कारखान्यांतले काँटॅक्टर उघडण्यात त्याची हयात गेली. रात्री त्याला फोन लावून रिलेचे फोटो पाठवले.

"उघडून बघ," तो म्हणाला. "पॉइंट काळे असतील. पण पॉलिशपेपर नको लावूस हं. वाळूचे कण चांदीत रुततात आणि महिन्याभरात परत तेच."

"मग कशाने घासू, दादा?"

"पोस्टकार्डासारखा जाड कागद घे, त्यावर काँटॅक्ट क्लीनर मार आणि पॉइंटच्या मधून ओढ. काळं यायचं थांबेपर्यंत ओढत राहा. आणि रिव्हेट बघायला विसरू नकोस. बेकलाइट म्हातारा झाला की रिव्हेट ढिले होतात."

ॲल्युमिनिअमच्या डबीची कड बेकलाइटवर दुमडलेली असते. छोट्या स्क्रूड्रायव्हरने ती हळूहळू, गोल फिरत, थोडी थोडी उचलली. एका जागी जोर दिला तर ॲल्युमिनिअम फाटतं. आत साठ वर्षांपूर्वीचं काम पाहून खरंच बरं वाटलं. तांब्याची कॉइल एकसारखी गुंडाळलेली होती आणि तिचा रोध ७० ते ८० ओहमच्या दरम्यान भरला, म्हणजे कॉइल धडधाकट. पॉइंटवर मात्र डीसी करंटची नेहमीची खूण होती. एका पॉइंटवर खड्डा, समोरच्यावर तेवढाच उंचवटा. करंट कायम एकाच दिशेने वाहत असल्यामुळे धातू एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला बसत जातो. बारीक काँटॅक्ट फाइलने उंचवटा उतरवला, मग कागद ओढला. काळं, राखाडी, मग स्वच्छ.

एवढं करून परत मोजलं तर पडणारा व्होल्टेज निम्माच झाला होता. उरलेला कुठे जातोय हे शोधायला मीटरची एक सुई पॉइंटच्या पट्टीवर ठेवली आणि दुसरी बाहेरच्या सी१ पात्यावर. सापडला. पातं आणि आतली पट्टी यांना जोडणारा पितळी रिव्हेट बैठकीत किंचित हलत होता. नखाने दाबला की वाचन बदलायचं. त्याच्याभोवतीचा बेकलाइट तपकिरीचा काळपट झाला होता, म्हणजे हा प्रकार बरेच दिवस चालला होता. रस्त्यात ओव्हरड्राइव्ह आपोआप का सुटायचा तेही इथे उलगडलं. गाडी तापली की रिव्हेट आणखी सैल व्हायचा, इंजिनाच्या थरथरीने क्षणभर संपर्क तुटायचा, दांडा खाली पडायचा आणि परत खेचायला पुरेसा जोर मिळायचा नाही.

रिव्हेट ठोकून घट्ट करता येईल का, हा विचार केला आणि सोडला. साठ वर्षांचा बेकलाइट हातोडीखाली टिकेल याचा भरवसा नाही.

मग शोध. एका ऑनलाइन दुकानातून नवा, जुन्यासारखाच दिसणारा रिले मागवला. डबी चकचकीत, पाती जागच्या जागी. स्टोनलीला फेब्रुवारीत एमजी आणि ट्रायम्फच्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथेही चक्कर मारली. लांबच लांब टेबलं, त्यांवर कार्ब्युरेटर, हबकॅप, जुनी हँडबुकं, आणि एका कोपऱ्यात एका निवृत्त गृहस्थांकडे लुकासच्या हिरव्या खोक्यांचा ढीग. त्यात एक न वापरलेला ६आरए मिळाला. किंमत भरपूर होती. घासाघीस केली, ते हसले, थोडी कमी केली. त्यांनी स्वतः कॅन्लीत काम केलेलं होतं. ट्रायम्फ घेऊन भारतातली बाई आली याचं त्यांना अप्रूप होतं, आणि हेरल्ड मद्रासलाही बनायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता माझ्याकडे तीन रिले झाले आणि तिन्हींची एकाच पट्टीने परीक्षा घ्यायची होती. गाडीत लावून पाहणं म्हणजे दर वेळी सोलेनॉइड पणाला लावणं, म्हणून टेबलावर मांडणी केली. ५५ वॉटचे हेडलाइटचे चार बल्ब समांतर जोडले की १२ व्होल्टला साधारण १८ अँपिअर होतात, म्हणजे सोलेनॉइडच्या खेचण्याइतकेच, आणि हे कितीही वेळ चालू ठेवता येतात. गाडीची बॅटरी, जाड तारा, चार बल्ब आणि मध्ये रिले. घरी कुणालाही जमेल अशी ही परीक्षा आहे. जुन्या गाडीत कुठलाही रिले बसवण्याआधी ती घ्यावीच.

माझ्या जुन्या रिलेवर एक व्होल्टच्या आसपास पडत होतं. नव्या नकलेवर सुरुवातीला ०.५, आणि पाच मिनिटांनी ०.९ झाले. पाती हाताला चटका देत होती. ही नक्कल हॉर्नसाठी चालेल कदाचित, ओव्हरड्राइव्हसाठी मी कुणालाच सुचवणार नाही. उघडून पाहिली तर पॉइंट जुन्यांच्या निम्म्या आकाराचे होते. स्टोनलीच्या न वापरलेल्या रिलेवरही पहिल्यांदा ०.६ दिसले, त्याने मी दचकलेच. पण ते फक्त इतकी वर्षं पडून राहिल्याने पॉइंटवर चढलेलं पुट होतं. उघडून कागद ओढला आणि वाचन ०.१५वर आलं. तेव्हा जुन्या साठ्यातला माल नवाकोरा दिसतो म्हणून खोक्यातून काढून थेट गाडीत लावायचा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच सुमारास टीआर रजिस्टर या क्लबमधल्या एका सभासदाची चौकशी आली. त्यांची टीआर४ स्पर्धेसाठी अगदी कारखान्यातून निघाल्यासारखी तयार होत होती आणि त्यांना आतून-बाहेरून अस्सल ६आरए हवा होता. मी स्टोनलीचा रिले घेतल्या किमतीला त्यांना दिला. माझी गाडी रस्त्यावर पळते, परीक्षकांसमोर उभी राहत नाही. मला डबी लुकासची हवी होती, आतलं काम आजचं चाललं असतं.

म्हणून माझीच जुनी डबी घेतली आणि आतलं सगळं काढून टाकलं. सर्किट बोर्डवर बसणारा ४० अँपिअरचा एक आधुनिक रिले त्यात मावेल असा निवडला. १२ व्होल्टची कॉइल, आणि कॉइलला आतून डायोड नसलेला. करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडची ही बाब महत्त्वाची आहे. टीआर४ कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ निघायची, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला. माझी गाडी अजून तशीच आहे. आजचे डायोडवाले रिले नेहमीच्या सवयीने जोडले तर या गाडीत डायोड उलटा पडतो, कॉइलऐवजी सगळा करंट त्यातून धावतो आणि डायोड तरी जातो नाहीतर वायर तरी. डायोड नसलेल्या किंवा नुसता रेझिस्टर असलेल्या रिलेला दिशेचं बंधन नसतं.

जोडणीत सगळा भर रिव्हेटला वगळण्यावर होता. चारही पाती बैठकीच्या आतल्या बाजूला थोडी वर आलेली असतात. तिथे तासून चकचकीत केली, आधी झाल चढवली आणि मग नव्या रिलेच्या पायांपासून आलेल्या तारा थेट पात्यांच्या शेपटांना झाळल्या. सी१ आणि सी२ला जाड, पदरी तार. बेकलाइटला फार आच लागू नये म्हणून पातं बाहेरून पक्कडीत धरलं होतं, म्हणजे उष्णता पक्कडीत उतरते. ॲल्युमिनिअमची डबी गाडीच्या पत्र्याला लागलेली असते, त्यामुळे आत कुठेही उघडी तार टेकली तर थेट शॉर्ट. म्हणून प्रत्येक जोडाला श्रिंक स्लीव्ह आणि डबीच्या आतून उष्णता सोसणाऱ्या टेपचं अस्तर. शेवटी कड परत दुमडली, पक्कडीच्या जबड्यांना टेप गुंडाळून, ॲल्युमिनिअमवर ओरखडा उठू नये म्हणून. १८ अँपिअरवर अर्धा तास बल्ब पेटते ठेवले. पडणारा व्होल्टेज ०.०८, आणि डबी जेमतेम कोमट.

मूळ वायरिंगमध्ये रिलेच्या पॉइंटला येणारी तपकिरी वायर थेट बॅटरीच्या बाजूने येते, तिला फ्यूज नाही. तिथे मी १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज घातला. दांडा खेचला जातो तेव्हा करंट त्याच्या जवळपास दुप्पट होतो, पण ते सेकंदाच्या एखाद्या अंशापुरतं, तेवढ्यात फ्यूज उडत नाही. दांडा अडकला आणि जाड गुंडाळी चालूच राहिली, तर मात्र काही सेकंदांत उडतो. सोलेनॉइडपेक्षा फ्यूज गेलेला परवडला.

बसवण्याआधी गिअरबॉक्सवरचं कव्हर काढून व्हॉल्व्हच्या दांडीची जुळणी तपासली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. सोलेनॉइड ओढलेला असताना दांडीवरचं भोक आणि ओव्हरड्राइव्हच्या खोक्यावरचं भोक समोरासमोर यायला हवं, इतकं की ३/१६ इंची सळई दोन्हींतून आरपार जाईल. माझी सळई जरा अडली. नट सैल करून दांडी किंचित फिरवली आणि पुन्हा आवळली, तेव्हा ती सहज गेली. दांडीची जुळणी बिघडलेली असेल तर जगातला सर्वोत्तम रिलेही सोलेनॉइडला वाचवू शकत नाही.

मग फॉस वे. आधी मुद्दाम गावातून रेंगाळत गेले, सगळं चांगलं तापू दिलं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर चौथा गिअर, ६० मैल, दांडी खाली. काटा ३,००० वरून उतरून २,४५०च्या आसपास स्थिरावला आणि तिथेच राहिला. चढावर दांडी वर, उतारावर खाली, तिसऱ्यात, दुसऱ्यात, सगळीकडे पहिल्या झटक्याला. अँमीटरचा काटा झेपावतो आणि तत्काळ मागे येतो. घरी आल्यावर तापलेल्या गाडीत पुन्हा सी१-सी२ मोजलं, ०.१च्या आत.

कुणाला हाच बदल करायचा असेल तर एक तपासून घ्या. बऱ्याच टीआर४ मधल्या काळात कुणी ना कुणी निगेटिव्ह अर्थ करून टाकल्या आहेत. आधी बॅटरीचं कुठलं टोक सांगाड्याला आहे ते डोळ्यांनी बघा, मग रिले निवडा. मी माझ्या डबीच्या खालच्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवली आहे. आत ४० अँपिअरचा रिले, डायोड नाही, फ्यूज १० अँपिअर. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला बाहेरचा लुकासचा शिक्का पाहून आत काय असेल याचा अंदाज करत बसावं लागू नये.